मिरच्या तव्यावर होत्या

बाबांचा फोन आला तेव्हा मिरच्या तव्यावर होत्या. त्या कसल्या मिरच्या, कुणाचा तवा आणि मी फोन का उचलला नाही, हे मी आजवर कुणालाही धड सांगितलेलं नाही. आईला सांगितलं ते खोटं होतं. म्हणून आता पहिल्यापासून सांगते.

मेलबर्नच्या पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका टायरच्या दुकानाला लागून ते हॉटेल होतं. अकरा टेबलं, भिंतींना निळा रंग, आणि मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या ओआहाका नावाच्या प्रांतातलं जेवण. बाकीच्या मेक्सिकोचं नाही, फक्त तिथलं. नाचोज मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला मालकीणबाई दारातूनच समोरच्या पिझ्झावाल्याकडे बोट दाखवायच्या. वय साठीचं, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र टायरवाल्याच्या मशीनच्या वर जाणारा. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे. त्या मला मिहा म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडे पोरी म्हणतात तसं. मी पॉइंट कुक नावाच्या उपनगरात तीन मुलींबरोबर भाड्याने राहत होते, फूड टेक्नॉलॉजीचं मास्टर्स करत होते, आणि युनिव्हर्सिटी ऑनलाइन गेल्यापासून आठवड्यातले पाच दिवस त्यांच्या किचनमध्ये होते.

पहिल्याच महिन्यात मी तिथे जे केलं ते बाबांनी नागपुरात अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. ओआहाकात मोले नावाची एक काळी, दाट रस्सा-भाजी करतात. मिरच्या, तीळ, शेंगदाणे, मनुका, लवंग, दालचिनी, चॉकलेट, पंचवीस-तीस गोष्टी भाजून, वाटून, तासन्‌तास ढवळून. लग्नाला मोले, बारशाला मोले, मयताला मोले. त्या दिवशी सेन्योरांनी मला मिरच्यांच्या बिया तव्यावर टाकून दिल्या आणि त्या माल घ्यायला मागच्या दारी गेल्या. बिया काळ्या पडल्या, धूर झाला, मग चक्क पेटल्या. मी घाबरले. करपलेल्या कांद्यापायी आईच्या शिव्या खात मोठी झालेली पोरगी मी. बिया विझवल्या, कचऱ्यात टाकल्या, तवा घासून लख्ख केला आणि मागच्या दारी जाऊन सांगितलं की थोडक्यात वाचलं. सेन्योरांनी कचऱ्याचा डबा उघडून आत पाहिलं आणि स्टुलावर बसल्या. त्या बिया पेटवायच्याच असतात. कोळसा होईपर्यंत जाळायच्या, मग पाण्यात भिजवून कडूपणा काढायचा, तेव्हा मोलेला तो काळा रंग येतो. आमच्याकडे मसाल्याचं खोबरं काळं करतात की, मला कळायला हवं होतं.

बाबांना रोज फोन व्हायचा. ते नागपूर महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झाले होते आणि आयुष्यभर ठरल्या वेळी पंप चालू करायची सवय असल्यामुळे फोनही ठरल्या वेळी करायचे. त्यांचे दहा वाजले की माझे दुपारचे अडीच, म्हणजे दुपारचं जेवण उरकून संध्याकाळची तयारी सुरू. व्हिडिओ लावायचे आणि कपाळाचा वरचा भाग दाखवत विचारायचे, "काय बनवून रायली माय आज?"

मी फोन भांड्यावर धरायचे.

"हे तं पूर्ण करपलं न!"

"बाबा, हे असंच असतं."

"आणि त्या मक्याले चुना लावला म्हणते तू. लोकायले लावत नाई न?" तिथे भाकरीचा मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, त्यावरून हा टोमणा. मग स्वतःच हसायचे, खोकायचे, आणि शेवटी एकच प्रश्न, "तू जेवली का?"

इतकंच. अभ्यास, व्हिसा, नोकरी यांचं कधी विचारलं नाही. पोरगी काय शिजवते आणि पोरगी जेवली का, एवढ्यावर त्यांचा माझ्याबद्दलचा सगळा हिशेब भागायचा.

पहिल्या वर्षीच्या लॉकडाउनमध्ये सेन्योरांना कोविड झाला. बऱ्या झाल्या, पण वास गेला तो गेलाच. महिन्याने येईल म्हणाले, सहा महिन्यांनी येईल म्हणाले. आला नाही. हे फक्त मला ठाऊक होतं. वास न येणारी बाई मोले करते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ही त्यांची भीती, आणि ती खोटी नव्हती. तोवर त्या कधीच काही मोजत नसत, घड्याळ बघत नसत, सगळं नाकाने चालायचं. आता त्या स्टुलावर बसायच्या आणि मी तव्यापाशी उभी. "आता?" त्या विचारायच्या. मी वास घेऊन सांगायचे, "नाही, अजून नाही." पुन्हा, "आता?" मिरची काळी होते आणि जळून कडू होते, यात चार-पाच सेकंदांचं अंतर असतं. ते डोळ्याला दिसत नाही, कारण दोन्हीकडे काळंच. नाकालाच कळतं. वर्षभरात मला ते इतकं छान जमायला लागलं की मी मनातल्या मनात मिरवायला लागले. हे लिहून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

त्याच वर्षी त्यांची आई ओआहाकात वारली होती. विमानं बंद, सीमा बंद. त्यांनी आईला मातीत उतरवताना फोनवर पाहिलं, तेही भाच्याचा हात हलत असल्यामुळे अर्धं आभाळच दिसलं. आता एप्रिलमध्ये वर्ष होणार होतं. त्यांच्यात वर्षाच्या दिवशी फोटोपुढे मोले वाढतात. मेलेलं माणूस वासाच्या मागावर घरी येतं आणि जेवून जातं, अशी त्यांची समजूत. त्यासाठी एक खास काळी मिरची लागते, बोराएवढी गोल, वाळलेली, फक्त त्यांच्याच खोऱ्यात पिकते. एरवी आम्ही दुसरी मिरची वापरून भागवायचो. पण त्यांच्या आईने स्वतःच्या हाताने वाळवून पाठवलेल्या मिरच्यांची शेवटची पिशवी त्यांनी जपून ठेवली होती. चार ओंजळी असतील. नवीन यायची सोय नव्हती आणि पाठवणारी उरली नव्हती.

"तूच भाजशील," त्या मला म्हणाल्या. "माझ्या आईला वास आला पाहिजे, मिहा. मला येत नाही."

मी हो म्हणाले. पण मनात मात्र बाबा हसत होते. आमच्याकडे मेलेल्यांची पानं वाढत नाहीत. माझ्या आत्याने एकदा आजोबांच्या नावाने गच्चीवर वाटीभर खीर ठेवली होती. बाबांनी ती वाटी उचलली, खाली नेली, चौकातल्या रिक्षावाल्याला खायला दिली आणि वर येऊन आत्याला म्हणाले, "बाप जिता होता तवा त्याले पाणी विचारलं नाई तू. आता खीर घेऊन बसली. जित्या माणसाचं पाह्य आधी." आत्या महिनाभर बोलली नाही. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. ज्या धर्माने आपल्याला माणूस म्हणून उभं केलं त्यात कावळ्याला घास नाही, एवढं त्यांचं साधं गणित होतं.

एप्रिल आला. आमच्याकडे मेलबर्नमध्ये रोज शून्य केसेस होत्या. लोक त्याला डोनट डे म्हणायचे, डोनट म्हणजे शून्य. दारावर क्यूआर कोड स्कॅन करून माणसं आत यायची आणि मास्क न लावता खिदळत जेवायची. आणि नागपुरात लोक ऑक्सिजनसाठी गाडीत बसून दवाखाने पालथे घालत होते. माझ्या फोनच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. कुणी "हाउ यू गोइंग?" म्हटलं की मला त्याच्या अंगावर भांडं फेकावंसं वाटायचं. मी "गुड, यू?" म्हणायचे.

बाबांना ताप आला. दोन दिवस त्यांनी तो उन्हाचा म्हणून काढला. तिसऱ्या दिवशी दम लागला. आई त्यांना रिक्षाने तीन ठिकाणी घेऊन गेली आणि चौथ्या ठिकाणी, सरकारी दवाखान्यात, खाट मिळाली. आईला आत जाऊ देत नव्हते. ती फाटकाबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली बसून राहायची आणि डबा आत पाठवायची. मी जाऊ शकत होते का? जाऊ शकत होते. पण माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना परत येता येणार नव्हतं, आणि काही दिवसांतच भारतातून येणारी विमानंच बंद करणार अशी कुणकुण होती. मी आईला विचारलं, "येऊ का?" ती म्हणाली, "येऊन काय करशील, माझ्याजवळ झाडाखाली बसशील?" मी तेवढ्याच उत्तराची वाट बघत होते की काय, कोण जाणे. मी तिकीट काढलं नाही.

बाबांचा फोन मात्र येत होता. वॉर्डात डॉक्टरांची फेरी झाली की त्यांच्या दहाला. तोंडावर मास्क, त्यामुळे बोलणं फार नाही. "काय बनवून रायली?" एवढंच यायचं, तेही मधे श्वास घेत. मी भांडं दाखवायचे. ते मान हलवायचे. दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी म्हणाले, "मले वासच येत नाई कशाचा. आईचा डबा मातीसारखा लागते." मी म्हटलं, "येईल बाबा, आमच्या सेन्योरांचाही गेलाय." त्यांनी सेन्योरांना कॅमेऱ्यातून हात जोडले. सेन्योरांनीही हात जोडले, चुकीच्या पद्धतीने, बोटं एकमेकांत अडकवून, चर्चमध्ये जोडतात तसे.

सहाव्या दिवशी सेन्योरांच्या आईची मोले होती.

हॉटेलला सुट्टी होती. किचनमध्ये आम्ही दोघीच. कोपऱ्यातल्या टेबलावर म्हातारीचा फोटो, दोन मेणबत्त्या, आणि सेन्योरांच्या कुंडीतला झेंडू. मोलेचा त्यांचा एक नियम होता. ज्या हाताने मिरच्या तव्यावर घातल्या त्याच हाताने शेवटपर्यंत ढवळायचं. हात बदलला की मोले फुटते, असं त्यांची आई म्हणायची. मी फूड टेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी, मला ते कधी पटलं नाही, पण त्या दिवशी मी तो नियम मोडायला तयार नव्हते. शेवटच्या मिरच्या, माझं नाक, आणि स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघणारी ती बाई.

अडीच वाजून गेले. मी पहिल्या दोन ओंजळी भाजल्या होत्या. त्या नीट झाल्या होत्या. तिसरी ओंजळ तव्यावर घातली आणि शेल्फवरचा फोन थरथरायला लागला. स्क्रीनवर बाबांचा फोटो, पांढऱ्या शर्टातला, मागच्या कुठल्याशा जयंतीचा.

"कोण?" सेन्योरांनी विचारलं.

"बाबा."

"मग घे."

"मिरच्या तव्यावर आहेत."

"मी बघते. घे, मिहा."

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण बोलले. "पाच मिनिटांनी करते मी त्यांना."

फोन थरथरत थरथरत शेल्फच्या कडेपर्यंत आला. मी तो डाव्या हाताने आत सरकवला. उचलला नाही, आत सरकवला. मग तो थांबला. मी मिरच्या उलटवल्या, वास घेतला आणि बरोबर त्या क्षणी खाली काढल्या. एकही जळली नाही.

गॅस बंद करता आला असता. हे मला कुणी सांगायची गरज नाही. गॅस बंद करायचा, मिरच्या बाजूला काढायच्या, फोन घ्यायचा, पुन्हा गॅस लावायचा. फार तर पंधरा मिरच्या वाया गेल्या असत्या. तवा निवला तर भाजणी बिघडते, हे मी स्वतःला किती वेळा समजावलं. बिघडली असती तर बिघडली असती. बाबा रोज फोन करतात, तसा उद्याही करतील, असं मी धरून चालले होते. दवाखान्यात ऑक्सिजनवर असलेल्या माणसाचं उद्या मी धरून चालले होते.

चौथी ओंजळ भाजून होईपर्यंत वीस मिनिटं गेली. मग मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मिरच्या वाटायला घेतल्या, वाटता वाटता लावला. वाटण तेलात पडलं, उजव्या हाताने ढवळायला सुरुवात केली आणि डाव्या हाताने फोन लावत राहिले. आईला लावला. आई म्हणाली, "वरच्या वॉर्डात नेलं म्हणते. मशीन लावली. आता बोलता नाई येत त्याईले." मी विचारलं, "कधी नेलं?" ती म्हणाली, "आत्ताच. अर्धा तास झाला असंल."

मी ढवळत राहिले. मला दुसरं काही सुचेना. सेन्योरांना मराठी कळत नव्हतं, पण तोंड कळलं. त्या स्टुलावरून उतरल्या, आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. स्वतःच्या आईच्या मोलेखालचा गॅस. मी तो पुन्हा लावला.

"आता बंद करून काय उपयोग?" मी ओरडले. मराठीतच ओरडले. "आता बंद करून काय उपयोग आहे?"

त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं मोकळं कोपर धरून ठेवलं. तीन तास लागतात मोलेला. तीन तास मी ढवळलं. धुराचं निमित्त नव्हतं, मिरच्यांचा धूर केव्हाच गेला होता, मी सरळ रडत होते आणि नाक बाहीला पुसत होते. मोले फुटली नाही. काळी, चकचकीत, पळीच्या पाठीवर चढणारी, अशी पुन्हा मला कधीच जमली नाही. संध्याकाळी सेन्योरांनी फोटोपुढे ताट ठेवलं, एक घास स्वतः घेतला आणि मला विचारलं, "बरोबर आहे ना? तिला वास येईल ना?"

मी म्हटलं, "येईल."

बाबा त्यानंतर चौथ्या दिवशी गेले, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दोन दिवस आधी. महापालिकेची गाडी आली. ज्या महापालिकेच्या नळाला त्यांनी तीस-पस्तीस वर्षं पाणी सोडलं तिच्याच माणसांनी त्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं. आईला लांबून दाखवलं. मला तेही नाही. पुण्यानुमोदन फोनवर झालं. भन्ते घरी, आई घरी, आणि मी पॉइंट कुकच्या भाड्याच्या खोलीत पांढरा कुर्ता घालून पलंगावर. वंदनेचा आवाज माझ्याकडे दोन सेकंद उशिरा पोहोचत होता, म्हणून मी माइक बंद करून एकटीच म्हटली.

आठवड्याने मी कामावर गेले. सेन्योरांनी कोपऱ्यातलं टेबल अजून आवरलं नव्हतं. म्हातारीच्या फोटोशेजारी त्यांनी रिकामी जागा केली होती आणि बाजूला झाकणाच्या डब्यात मोले राखून ठेवली होती. "तुझ्या बाबांचा फोटो दे," त्या म्हणाल्या. "त्यांनाही वाढू. त्यांनी किती वेळा बघितली, एकदा खाऊ दे."

त्यांचं मन मला कळलं, तरी मी खवळले. "माझा बाप मेल्यावर जेवायला येणाऱ्यातला नव्हता," मी म्हटलं. "तो जिवंत असताना फोन करत होता. तेव्हा मी तुमच्या आईसाठी भाजत बसले." हे इंग्रजीत बोलले, म्हणून त्यांना सगळं समजलं. त्यांनी डबा उचलला आणि फ्रिजमध्ये ठेवला. मे महिना संपता संपता पुन्हा लॉकडाउन लागला, टेबलं उलटी करून ठेवली, आम्ही खिडकीतून पार्सल द्यायला लागलो. त्या विषयावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. त्या अजूनही मिहाच म्हणायच्या.

आईने मला ते दोन महिन्यांनी विचारलं. वॉर्डात बाबांच्या बाजूच्या खाटेवर एक माणूस होता. तो वाचला. घरी येऊन भेटून गेला. त्याने आईला सांगितलं की वर नेण्याआधी बाबांनी पोरीला फोन लावला होता, तिने घेतला नाही. तेव्हा बाबा मास्क बाजूला करून त्याला म्हणाले होते, "कामात असंल. काहीतरी बनवून रायली असंल." मग त्यांनी त्याला माझ्याबद्दल सांगितलं, मक्याला चुना लावतात ते, आणि मी जाळलेल्या बिया फेकून दिल्या ते. स्ट्रेचर येईपर्यंत तेच सांगत होते.

मग आईने विचारलं. रागाने नाही, फक्त माहीत करून घ्यायचं म्हणून.

"त्या टायमाले काय बनवून रायली होती तू?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घरासमोर लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा उभा होता. मेलेल्या बाईचं पान, असं मला म्हणता येईना.

"हॉटेल भरलं होतं, आई," मी म्हटलं. "गिऱ्हाइकांचं जेवण होतं."

"मग ठीक हाये," आई म्हणाली. "जित्या माणसायले जेवू घालत होती तू. तुह्या बाबाले बरंच वाटलं असतं."